तांबडीचं वजन

आमच्या कुंभार पिंपळगावात एखाद्याची थाटामाटात फजिती झाली की लोक अजून म्हणतात, "काटेसाहेबावानी झालं ह्याचं. अंड्यालाच जंत म्हणून राह्यला." ही गोष्ट चहाच्या टपरीवरून निघाली, आठवडी बाजारात गेली आणि बाजाराला येणाऱ्या लोकांच्या पिशव्यांतून आसपासच्या गावांत पोचली. एकदा जालन्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने ती मलाच ऐकवली आणि वर म्हणाला, "खरी हाय बरं का काका."

मी हसलो. ती गोष्ट पहिल्यांदा सांगणारा मीच होतो आणि ती खरी नव्हती.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नाही. आम्ही दोघं एकाच साखर कारखान्यात नोकरीला होतो. मी टाइम ऑफिसात, ते उसाच्या वजनकाट्यावर. उसाची भरलेली गाडी आली की आधी तिचं वजन, मग ऊस उतरवून रिकामी परत आली की पुन्हा वजन, आणि दोन्हींतला फरक तो ऊस. हे काम त्यांनी जन्मभर केलं. बाकीच्यांना नोकरीतून निवृत्ती मिळाली तेव्हा घड्याळं मिळाली, शाली मिळाल्या. त्यांनाही मिळाल्या, पण ते काट्यावरून उतरलेच नाहीत. गावी परतल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती धान्याच्या दुकानात असतो तसल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची. पोत्यांसाठीचा पत्र्याचा चौथरा आणि त्यावर लाल आकडे. तो त्यांनी अंगणात, दाराच्या बरोबर समोर मांडला. घरात जायचं तर त्यावरूनच जावं लागे.

"या टाइमकीपर. आधी काट्यावर."

हे त्यांचं स्वागत. मी चपला काढून चढायचो, ते आकडा बघायचे, मान हलवायचे, मग बसायला खुर्ची. निघताना पुन्हा काट्यावर. मध्ये वहिनींनी चहा दिला असेल, शेंगदाण्याचा लाडू दिला असेल, तर तो सगळा आकड्यात दिसायचा. "बराबर," म्हणायचे आणि जाऊ द्यायचे. त्यांच्याकडून कोणीही वजन न करता गेलेलं मी पाहिलेलं नाही. पोस्टमनसुद्धा सायकल भिंतीला लावून चढायचा. पहिल्या दिवाळसणाला जावई आले तेव्हा त्यांना ओवाळण्याआधी काट्यावर उभं केलं. चार दिवसांनी निघताना पुन्हा केलं, आणि मुलीच्या सासऱ्यांना फोन लावून सांगितलं, "जावईबापू आमच्याकडं बिलकुल सुधारले. तुमच्याकडं पोचल्यावर एकदा बघून घ्या, रस्त्यात काही सांडलं तर आमची जबाबदारी न्हाई."

वहिनी या माणसाबरोबर कशा राहिल्या हा प्रश्न मला पडायचा. त्यांना पडत नसावा. साहेब भाजीची जुडी काट्यावर ठेवून कपाळाला आठ्या घालू लागले की त्या आतूनच म्हणायच्या, "भावजी, यांना इचारा, लग्नात मला तोलून आणलं का न्हाई."

"न्हाई तोललं," साहेब गंभीरपणे म्हणायचे. "तवा काटा न्हवता. तेवढी एकच खरेदी अंदाजानं झाली."

"मंग? काय घाटा झाला का?"

"रिकामी बघितल्याबिगर कसं सांगू?"

हे रिकामी बघणं म्हणजे त्यांचं सगळं शास्त्र. "भरली बघितली, रिकामी बघितली, मंगच बोला," हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. गावात पुढाऱ्याची सभा झाली की म्हणत, "येताना माणसांची भरली घ्यायची, जाताना रिकामी घ्यायची. डोक्यात काय उतरलं ते लगेच कळंल." नातीचं दप्तर फार जड आहे असं त्यांचं मत पडलं तेव्हा दप्तर आणि काटा दोन्ही हातगाडीवर घालून ते शाळेत गेले. हेडमास्तरांनी काट्यावर स्वतःचं वजन करून घेतलं आणि चहा पाजून परत पाठवलं. दप्तराचं काही झालं नाही, पण हेडमास्तरांनी त्यानंतर गोड सोडलं असं म्हणतात. बाजारात टरबूजवाला त्यांना लांबूनच बघून म्हणायचा, "साहेब, आज माझाच काटा खराब हाय, तुमचं तुम्ही समजून घ्या."

तरी एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यावर असताना एकदा एक ट्रक ऊस टाकून रिकामं वजन न करताच फाटकाबाहेर पडला. ट्रक कुणा वजनदार माणसाचा होता. सगळे म्हणाले, जाऊ द्या, मागच्या खेपेचं रिकामं वजन धरा. साहेब सायकलवर बसले आणि ट्रकच्या मागे गेले. एका हॉटेलावर ड्रायव्हर भजी खात बसला होता. साहेबांनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. समोर बसले, त्याची भजी संपू दिली आणि म्हणाले, "चल, तुझी रिकामी राह्यली." ड्रायव्हर आला. नंतर आम्ही विचारलं, त्यात काही लबाडी निघाली का? ते म्हणाले, "काट्यावर बसणाऱ्यानं गाडीवाल्यावर संशय घ्यायचा नसतो. फक्त वाट बघायची. रिकामी झाली की तो आपणच येतो."

हे वाक्य मी तेव्हा सहज ऐकलं. आता त्याच्याकडेच यायचं आहे.

आमच्या गल्लीत घरोघरी कोंबड्या आहेत. गावरान, परसात मोकळ्या फिरणाऱ्या, उकिरडा उकरणाऱ्या. संध्याकाळी खुराड्यात. एके वर्षी पावसाळा सरता सरता त्या वाळायला लागल्या. खात तर होत्या, पण अंगाला लागत नव्हतं. हातात घेतली की छातीचं हाड बोटाला टोचायचं. तुरे फिके पडले, अंडी बंद व्हायला आली. मग कुणाला तरी शिटेत शेवयांसारखं काही वळवळताना दिसलं आणि निदान झालं. जंत.

निदान झालं की गल्लीत डॉक्टरांना तोटा नसतो. कुणी पपईच्या बिया वाटून घातल्या, कुणी लसूण, कुणी कडुनिंबाचा पाला. समोरच्या घरातल्या शेवंताने तंबाखूचं पाणी पाजायचं ठरवलं होतं, ते माझ्या बायकोने तिच्या हातातून काढून घेतलं. शेवंता विधवा बाई, दोन पोरींची आई, जिभेने तिखट. सगळ्यांत जास्त कोंबड्या तिच्याच. पोरींच्या वह्यांपासून चपलांपर्यंत सगळं त्या कोंबड्यांच्या पाठीवर चाललेलं. बाकीच्यांना कोंबडी गेली तर एक जेवण गेलं. शेवंताचं तसं नव्हतं.

बाजारातल्या औषधाच्या दुकानात दोन बाटल्या मिळाल्या. एक पाण्यात मिसळून ठेवायची. कोंबड्या पितात, आपल्याला काही करावं लागत नाही. दुसरी दुधासारखी पांढरी, एकेका कोंबडीला धरून, चोच उघडून, तिच्या वजनाप्रमाणे पाजायची. दुकानदार म्हणाला, दोन्ही चांगल्या आहेत. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. बायका पाण्याच्या औषधाकडे झुकल्या होत्या, कारण ज्याला कोंबडी धरावी लागत नाही ते औषध चांगलंच असणार.

"वजनाप्रमाणे" हा शब्द साहेबांच्या कानावर पडला आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

"कोणतं औषध चांगलं ते बोलून ठरत न्हाई," त्यांनी गल्लीला जाहीर केलं. "दोन कोंबड्या आणा. सारख्या वजनाच्या. एकीला हे, दुसरीला ते. आज भरली, उद्या रिकामी. जिचं जास्त उतरंल तिचं औषध खरं."

"आन् उतरलं न्हाई तर?" शेवंताने विचारलं.

"फरक न्हाई दिसला तर आठवडाभर थांबू, पुन्हा बघू. घाई कोणाला हाय?"

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनी थांबायची तयारी ठेवली होती. लोकांना गोष्ट सांगताना मी हे कधी सांगितलं नाही.

वहिनींची तांबडी आणि आमच्या घरची काळी, अशा दोघींची निवड झाली. निवडीला अर्धा दिवस लागला, कारण सारख्या वजनाच्या दोन कोंबड्या मिळाल्या तरी त्या काट्यावर सारख्या वेळ बसत नाहीत. साहेब प्रत्येकीला "स्थिर राहा" असं सांगत होते. शेवटी कोंबडी झाकायचं बांबूचं डालगं असतं, त्यात घालून, डालग्याचं वजन वजा करून काम झालं. तांबडीला पाण्याचं औषध दिलं, काळीला पांढरं पाजलं. ते पाजताना साहेबांनी सिरिंज डोळ्यासमोर अशी धरली की मोठा सर्जनही लाजला असता, आणि काळीने त्यांच्या सदऱ्यावर काय केलं ते लिहीत नाही. तेसुद्धा त्यांनी पुसायच्या आधी बघून घेतलं. दोघींना दोन डालग्यांखाली, खाली पोतं अंथरून ठेवलं. सकाळी सगळ्यांनी यायचं होतं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. साहेब आत चहा घेत होते. "काट्यावर चढा, मी आलोच," म्हणाले. मी चढलो, त्यांनी दारातून आकडा बघितला, पुन्हा आत गेले. मी डालग्यांपाशी गेलो. तांबडीचं डालगं थोडं उचलून पाहिलं, तर पोत्यावर अंडं होतं.

आमच्या घरी सकाळी खुराड्यातली अंडी गोळा करायचं काम माझं. निवृत्तीनंतर बायकोने मला दिलेलं एकमेव पद. अंडं दिसलं की उचलायचं, सदऱ्याच्या खिशात टाकायचं, नाहीतर कोंबडी पाय देते. हात पुढे गेला, अंडं खिशात पडलं. त्यात विचार काही नव्हता. मी डालगं खाली ठेवलं आणि तेवढ्यात बायका आल्या.

काळीचं वजन झालं. किंचित उतरलं होतं, जसं रात्रभर उपाशी ठेवलेल्या कोणत्याही कोंबडीचं उतरेल. मग तांबडी. साहेब वाकले, आकडा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. तांबडीचं वजन चांगलंच उतरलं होतं. पोत्यावर काही शेवयाही दिसत होत्या. ते ताठ उभे राहिले.

"हा फरक," ते म्हणाले. कारखान्याच्या फाटकावर म्हणायचे तसंच.

शेवंता म्हणाली, "साहेब, अंडं दिलं असंल तिनं."

आता इथे लोक हसतात. इथे मी टपरीवर थांबायचो, सुपारी तोंडात टाकायचो आणि सांगायचो की साहेब म्हणाले, "अंडं? अंड्याचा काय संबंध?" साहेब असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "बराबर बोलली. अंडं शोधा." त्यांनी स्वतः डालगं उलटं केलं, पोतं झटकलं, गुडघ्यांवर बसून काट्याच्या खाली हात घातला. वहिनींनी तुळशीच्या मागे पाहिलं. सगळ्या बायका शोधत होत्या. मीही वाकून शोधत होतो, एक हात खिशावर ठेवून, म्हणजे अंडं फुटू नये.

तेव्हा का बोललो नाही? सुरुवातीला लाज वाटली. दुसऱ्याच्या अंगणातलं अंडं म्हाताऱ्या माणसाच्या खिशात, आणि समोर आख्ख्या गल्लीतल्या बायका. शेवंताने जन्मभर ऐकवलं असतं. आणि मग, खरं सांगायचं तर, गंमत वाटली. हा माणूस जन्मभर सगळ्यांना तोलत आला, आज एकदा त्याचा काटा चुकतोय आणि ते फक्त मला माहीत आहे. अशी गंमत चाळीस वर्षं बरोबर काढल्याशिवाय वाटत नाही.

अंडं मिळालं नाही. "मंग जंतच," साहेब म्हणाले. "पाण्याचं औषध खरं."

बायकांना तेच हवं होतं. गर्दीत मी मागच्या दाराने सटकलो.

घरी बायकोने सदरा धुवायला घेतला तेव्हा अंडं निघालं. तिने ते हातात फिरवून पाहिलं. "हे आपलं न्हाई. हे तांबडीचं हाय." तिला गल्लीतल्या प्रत्येक कोंबडीचं अंडं ओळखू येतं.

"राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे कसं? सांगून या."

"जातो," म्हणालो. गेलो टपरीवर. आणि तिथे सांगितलं, पण वेगळंच. अंडं खाली लोळत होतं आणि साहेबांनी तेही जंतांतच मोजलं, असं. लोक इतके हसले की चहावाल्याने माझा चहा पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी लोकांनी पुन्हा सांगायला लावलं.

गल्लीत सगळ्यांनी पाण्याचं औषध ठेवलं. आठ-पंधरा दिवस गेले. कोंबड्या तशाच. शेवंताच्या दोन गेल्या, मग आणखी एक. आमची काळी मात्र हळूहळू सुधारत होती. तुरा लाल व्हायला लागला, हाताला वजन लागायला लागलं. ते बघून बायको माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे.

साहेब स्वस्थ बसले नव्हते. ते सगळ्या घरांतल्या कोंबड्यांची शीट साखरेच्या जुन्या पिशव्यांच्या तुकड्यांत बांधून, प्रत्येक पुडीवर वजन टाकून, गुरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. सोबत मलाही नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पुड्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"काका, वजन कशासाठी टाकलंय?"

"राहू द्या की. लागलं तर."

त्यांनी नमुने तपासून सांगितलं की यात दोन जातींचे जंत आहेत. शेवयांसारखे गोल, आणि दुसरे पट्टीसारखे, ज्यांचे तुकडे शिटेत तांदळाच्या कण्यांसारखे दिसतात. पाण्याचं औषध फक्त गोल जंतांवर चालतं. ते जंत लगेच बाहेर पडतात म्हणून औषध फार गुणकारी वाटतं. पट्टीच्या जंतांना त्याने काही होत नाही. पांढरं औषध सावकाश काम करतं, पण दोन्हींवर करतं. शिवाय आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, म्हणजे जिला गरज तिलाच औषध कमी. म्हणून प्रत्येकीला वजन करून, चोचीतूनच द्या. काही दिवसांनी पुन्हा द्या, कारण जंतांच्या अंड्यांतून नवे जंत निघतात. खुराड्यातली जुनी घाण काढा. आणि मी सांगेपर्यंत अंडी खाऊ नका.

"म्हणजे एका रात्रीत रिकामी होत न्हाई," साहेब म्हणाले.

"काका, कोंबडी म्हणजे ट्रक आहे का?"

साहेबांनी औषधाच्या तारखा लिहून घेतल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई हुशार हाय. पण टाइमकीपर, तांबडीचं एवढं वजन उतरलं कसं? तेवढं शेवयांचं वजन भरत न्हाई. मी शेवया वेगळ्या तोलल्या होत्या."

मी म्हणालो, "काट्याचं काय सांगता येतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर कुणी काट्याबद्दल असं बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पांढरी बाटली, सिरिंज आणि हातात धरायचा लहान काटा घेऊन घरोघरी निघाले. मी बरोबर होतो. पण आमच्या आधी माझी गोष्ट घरोघरी पोचली होती. पहिल्याच दारात पोरं "जंत, जंत" करत अंडं दाखवून पळाली. शेवंता उंबऱ्यात उभी होती, पदराने हात पुसत.

"नको साहेब. तुमचं एक औषध झालं. आता तुमचा काटा घरी ठेवा."

"बाई, ते माझं चुकलं. हे डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. जल्दी कर, राहिलेल्या वाचतील."

"तवा बी छातीवर हात ठेवून सांगितल्तं तुम्ही. आम्ही धुंडून थकलो, आन् अंडं तिथंच लोळून राह्यलं म्हणं, तरी तुम्ही जंत म्हणता." मग ती माझ्याकडे वळली. "व्हय ना हो काका? तुम्हीच बघितलं ना अंडं?"

साहेबही माझ्याकडे बघत होते. हातात बाटली तशीच. एवढंच म्हणायचं होतं की अंडं माझ्या खिशात होतं. शेवंताने मला शिव्या घातल्या असत्या, मग कोंबड्या धरून दिल्या असत्या आणि त्या वाचल्या असत्या.

मी हसलो. नुसता हसलो. ती पण हसली आणि दार लावून घेतलं.

औषध दोनच घरांत झालं, त्यांच्या आणि आमच्या. तांबडी सुधारली. बाकी घरांत काही कोंबड्या आपोआप वाचल्या, काही गेल्या. मग आमच्या कोंबड्यांचे लाल तुरे बघून बायका एकेक करून दवाखान्यात गेल्या, पण शेवंताचं खुराडं तोवर रिकामं झालं होतं. त्या वर्षी तिच्या थोरल्या पोरीने दिवाळीनंतर शाळेत जायचं सोडलं, आणि तिला परत शाळेत बसवायला तिच्या मामाला यावं लागलं. शेवंताने मला कधी बोल लावला नाही. लावायचं कारण तिला माहीतच नव्हतं. बोल लागला तो साहेबांना.

त्यानंतर एक दिवस त्यांच्याकडे गेलो तर "आधी काट्यावर" ऐकू आलं नाही. काट्यावर पोतं टाकलं होतं, पोत्यावर वहिनींनी मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या.

"वजन न्हाई का आज?"

"बसा की," साहेब म्हणाले.

माझा चहा झाला आणि मी तसाच निघालो. तसा निघण्याची सवय नव्हती. रस्त्यात मला आपण काहीतरी विसरून आलो असं वाटत राहिलं. वहिनी फाटकापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, यांना काहीतरी तोलायला द्या. भाजी बी तोलून न्हाई राह्यले. घरात माणूस हाय का न्हाई तेच कळंना."

यालाही काही वर्षं झाली. शेवंताच्या दोन्ही पोरी शिकल्या, थोरली जालन्यात नोकरी करते. शेवंताकडे पुन्हा कोंबड्या आहेत आणि आता ती त्यांना दवाखान्यातून विचारून औषध देते. साहेबांना ऐकू कमी येतं. काट्यावर अजून पोतं आहे. एसटीतल्या त्या माणसाने गोष्ट सांगितल्यावर घरी आलो आणि हे लिहायला बसलो. बायको म्हणाली, "लिहून काय व्हतंय? जाऊन सांगा." मी म्हणालो, आधी लिहितो, मग सांगतो. ती म्हणाली, "मंग आधी लिहून घ्या, जल्दी."

इथवर लिहून झालं तेव्हा कागद घेऊन साहेबांकडे गेलो. मोठ्याने वाचायला लागलो, कारण त्यांना तसंच ऐकू येतं, आणि त्यामुळे शेजारच्या दोन घरांनाही ऐकू आलं. अंड्याचा मजकूर आला तेव्हा मी थांबलो. वहिनी पाखडता पाखडता थांबल्या. साहेब थांबले नव्हते. ते तसेच सुपारी कातरत होते.

"पुढं?" ते म्हणाले.

"तुम्हाला काही वाटलं न्हाई?"

"मला ठावं होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून संशय होता. इतक्या वर्षांत त्याच दिवशी तुम्ही तुमची रिकामी न करता गेल्ते. मागच्या दारानं." त्यांनी सुपारीची खांडं तळहातावर घेतली. "गाडी रिकामी न करता गेली म्हणजे गाडीत काहीतरी राह्यलंय."

"मंग बोलला का न्हाई? शेवंताच्या दारात तरी?"

"संशयावर बोलायचं नसतं. वाट बघत होतो." मग थोडं थांबून म्हणाले, "लई वेळ लावला तुम्ही. भजी खात बसला होता का?"

वहिनी हसल्या. मला हसू येईना. मी म्हणालो, आता काय करू?

"मला वाचून काय उपयोग? नुकसान माझं न्हाई झालं. तिकडं वाचा." त्यांनी हनुवटीने समोरचं घर दाखवलं. "रिकामे होऊन या."

शेवंता ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी कागद न उघडताच सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, कारण बसायला ती म्हणाली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. निवडलेली ज्वारी एकीकडे केली, खडे एकीकडे. मला वाटलं आता सुरू होईल. ती म्हणाली, "माझ्या उंबऱ्यात हसल्ते तुम्ही. मला वाटलं, माझ्यासंगं हसून राह्यले."

एवढंच बोलली. मग ती उठली, आत गेली, परसातून आली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात एक अंडं टाकलं.

"वहिनीचं हाय. नेऊन द्या. आन् आता मागच्या दारानं जाऊ नका."

मी रस्ता ओलांडून परत आलो. काट्यावर पोतं नव्हतं. वहिनी वड्यांचं ताट हातात घेऊन बाजूला उभ्या होत्या आणि साहेब फडक्याने पत्रा पुसत होते. बऱ्याच वर्षांनी जोडलेली वायर दोनदा हलवल्यावर लाल आकडे लागले. मी चपला काढल्या आणि पाय वर ठेवला.

साहेबांनी आकडा बघितला नाही. माझ्या सदऱ्याकडे बघितलं.

"आधी खिशातलं काढा," ते म्हणाले.